टँकर भाड्यानं, घड्याळ कुणाचं?

गेटवेवरून घारापुरीच्या लाँचमध्ये बसलं, की वाटेत एक बसकं बेट लागतं. गोल टाक्या, पाइपांचं जाळं आणि धक्क्याला लागलेलं एखादं अवाढव्य जहाज. नकाशावर नाव जवाहर द्वीप, लाँचवाल्याच्या तोंडी बुचर आयलंड. सामान्य माणसाला तिथे उतरता येत नाही. बहुतेक मुंबईकरांना हे बेट आठवतं ते ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या डिझेलच्या टाकीवर वीज पडून आग लागली तेवढ्यापुरतं. पण सकाळी जाताना त्या जहाजाकडे नीट बघा. पोटापर्यंत पाण्यात बुडालेलं असतं. संध्याकाळी परतताना तेच जहाज वर उचललेलं दिसतं, खालचा लाल रंग उघडा पडलेला. मधल्या वेळात त्याच्या पोटातलं बरंचसं कच्चं तेल समुद्राखालच्या पाइपातून माहुलच्या रिफायनऱ्यांकडे गेलेलं असतं.

जहाजाच्या मागच्या टोकाला त्याच्या नोंदणीच्या बंदराचं नाव रंगवलेलं असतं. बऱ्याचदा ते मुंबई नसतं. पनामा, मन्रोव्हिया, माजुरो असलं काहीतरी असतं. तेल आपलं, रिफायनरी सरकारी, जहाज मात्र परक्याचं आणि भाड्याचं.

२० सप्टेंबर २०२५ ला भावनगरच्या भाषणात पंतप्रधानांनी सांगितलं, की परदेशी जहाज कंपन्यांना भारत दरवर्षी सुमारे ६ लाख कोटी रुपये भाडं मोजतो, म्हणजे जवळपास संरक्षणाच्या बजेटएवढं. हा आकडा सगळ्या मालाचा आहे, एकट्या तेलाचा नाही. तरी तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न फिरतो आहे: एवढे पैसे घालवण्यापेक्षा सरकार स्वतःचीच जहाजं का घेत नाही? प्रश्न रास्त आहे. पण उत्तराकडे जायचं तर आधी टँकर भाड्यानं घेतात म्हणजे नेमकं काय घेतात, ते बघायला हवं.

इथे सरकार म्हणजे कोण

माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्या मुळात परदेशी कंपन्यांच्या. एक १९५४ मध्ये सुरू झाली, दुसरी १९५५ मध्ये. तेल कुठून आणायचं, कुठल्या जहाजातून आणायचं, हे त्या कंपन्यांचं जागतिक जाळं बघायचं. १९७४ ते १९७६ च्या दरम्यान राष्ट्रीयीकरण झालं, हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम जन्माला आल्या आणि जहाज शोधायची डोकेदुखी सरकारच्या गळ्यात पडली.

आजही जहाज ठरवणारा माणूस मंत्रालयात बसत नाही. तो बसतो तेल कंपनीच्या चार्टरिंग विभागात, बॅलार्ड इस्टेटला किंवा चर्चगेटला. त्याच्या एका बाजूला शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, २ ऑक्टोबर १९६१ ला स्थापन झालेली, नरिमन पॉइंटची सरकारी जहाज कंपनी. दुसऱ्या बाजूला जहाजवाहतूक महासंचालनालय, तेही मुंबईतच. परदेशी जहाजाला कधी आणि कुठल्या अटीवर परवाना द्यायचा हे ते बघतं. मध्ये दलाल. हा शब्द इथे शिवी नाही. जगात कुठलं जहाज कुठे रिकामं होतंय हे त्यालाच ठाऊक असतं.

टॅक्सी, महिन्याची गाडी आणि नुसती चावी

जहाजाच्या भाडेकराराला चार्टर म्हणतात आणि त्या कागदाला चार्टर पार्टी. मेजवानीशी संबंध नाही. जुन्या काळी करार एकाच कागदावर दोनदा लिहून मधोमध कापायचे आणि एकेक तुकडा दोघांनी ठेवायचा, त्या कापलेल्या कागदाचं लॅटिन नाव घासून घासून असं झालं.

करार मुख्यतः तीन प्रकारचे.

पहिला एका फेरीचा. दादरला टॅक्सी पकडली, कुलाब्याला सोडलं, पैसे दिले. पेट्रोल, ड्रायव्हर, पंक्चर सगळं टॅक्सीवाल्याचं. जहाजातही तसंच: इंधन, खलाशी, बंदराचे खर्च मालकाचे आणि आपण टनामागे भाडं द्यायचं. वाटेत वादळ लागून चार दिवस जास्त गेले तर ते मालकाच्या खिशातून.

दुसरा मुदतीचा. कंपनी सहा महिने किंवा तीन वर्षांसाठी गाडी लावते तसा. गाडी आणि ड्रायव्हर मालकाचे, पण पेट्रोल आपलं आणि कुठे जायचं तेही आपणच सांगायचं. भाडं रोजावर. आता वादळात गेलेले चार दिवस आपल्या खिशातून. जहाजच बिघडलं तर मात्र तेवढ्या दिवसांचं भाडं कापता येतं.

तिसऱ्यात नुसतं रिकामं जहाज मिळतं. चावी हातात घ्या, ड्रायव्हर तुम्ही ठेवा, दुरुस्तीही तुम्हीच करा. तेल कंपन्या यात फारशा पडत नाहीत, म्हणून आपणही पुढे जाऊ.

फरक तेलाचा किंवा जहाजाचा नाही. वाया गेलेला दिवस कुणाच्या नावावर लिहायचा, एवढाच आहे. भाड्याच्या टँकरबद्दल जे जे वाद होतात ते खणत गेलात तर बहुतेक वेळा तळाशी हेच सापडेल.

टॅरिफ कार्ड आठवतंय?

इलेक्ट्रॉनिक मीटर यायच्या आधी मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत बॉनेटजवळ यांत्रिक मीटर असायचं. मीटरवर दिसायचे दोन-अडीच रुपये, आणि खरं भाडं ड्रायव्हर खिशातल्या टॅरिफ कार्डावर बघून सांगायचा. पेट्रोल महागलं की मीटर बदलायची गरज नाही, कार्ड बदललं की झालं. बाहेरगावचे पाहुणे हमखास भांडायचे.

टँकरचा जागतिक बाजार अगदी या पद्धतीवर चालतो. तिथल्या मीटरचं नाव वर्ल्डस्केल. कुठल्याही दोन बंदरांमध्ये एका ठरावीक मापाच्या जहाजाला टनामागे किती खर्च येईल, याचा तक्ता दरवर्षी निघतो. हा झाला मूळ दर, म्हणजे १००. बाजारात बोली लागते ती त्याच्या टक्क्यांत. ६० म्हणजे मूळ दराच्या ६० टक्के, २०० म्हणजे दुप्पट. बोली लावणारा फक्त हा आकडा बोलतो.

गंमत अशी, की हे मीटर सरकारांनीच जन्माला घातलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिकेच्या सरकारांनी खासगी टँकर ताब्यात घेतले. मालकाला भाडं काय द्यायचं हे ठरवायला मार्गागणिक दरपत्रकं केली. युद्ध संपलं, जहाजं मालकांकडे परत गेली, पण दरपत्रकाची सवय राहिली. ती घडत घडत १९६९ मध्ये वर्ल्डस्केल झाली.

एक उदाहरण करू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. मूळ दर टनाला १० डॉलर, जहाज २ लाख ७० हजार टनांचं. बोली ६० ला ठरली तर भाडं १६ लाख २० हजार डॉलर. तीच २०० ला गेली तर ५४ लाख. एवढ्या जहाजात साधारण २० लाख पिंपं बसतात, म्हणजे पिंपामागे ८१ सेंटचे २ डॉलर ७० सेंट झाले. पिंपात १५९ लिटर, डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर लिटरमागे वाढ जेमतेम एक रुपया.

ही एक रुपयाची वाढ वाचून कुणी म्हणेल, मग एवढा गोंधळ कशाला? कारण हा एक रुपया एका जहाजातल्या ३० कोटींहून जास्त लिटरांवर लागतो. आणि देशात रोज ५० लाखांच्या आसपास पिंपं येतात.

आणि बोली ६० वरून २०० ला खरंच जाते का? जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने एका मोठ्या चिनी जहाज कंपनीच्या उपकंपन्यांवर निर्बंध घातले आणि काही आठवड्यांत मोठ्या टँकरचे दर कित्येक पट झाले. एप्रिल २०२० मध्ये त्याहून विचित्र प्रकार घडला. जग घरात बसलं होतं, तेल कुणाला नको होतं, अमेरिकेत भाव शून्याच्या खाली गेला, आणि जहाजांचं भाडं मात्र आकाशाला भिडलं! स्वस्त तेल ठेवायला जागा नव्हती, म्हणून व्यापाऱ्यांनी टँकरच गोदाम म्हणून भाड्यानं घेतले. तरंगत्या टाक्या. त्यामुळे वाहतुकीला जहाजं उरली कमी.

७२ तासांचं घड्याळ

मी लालबागहून डोंबिवलीला घर हलवलं तेव्हा टेम्पोचं भाडं ठरलं होतं. पोहोचलो तर नव्या इमारतीची लिफ्ट बंद. पाचव्या मजल्यावर कपाटं चढवण्यात दोन तास जास्त गेले आणि टेम्पोवाल्याने शांतपणे वेटिंगचे पैसे मागितले. मी लिफ्टकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "लिफ्ट माझी आहे का, साहेब?"

टँकरच्या करारात या वेटिंगला डेमरेज म्हणतात. एका फेरीच्या करारात माल चढवणं आणि उतरवणं या दोन्हींसाठी मिळून सहसा ७२ तास दिलेले असतात. जहाज बंदराबाहेर पोहोचलं की कप्तान लेखी कळवतो, मी आलोय, तयार आहे. करारातली थोडी सवलतीची मुदत संपली की घड्याळ सुरू. ७२ तास उलटले की दिवसाला ठरलेल्या दराने पैसे.

इथे मुंबईचा भूगोल आडवा येतो. मुंबई बंदर उथळ, गाळाचं, भरती-ओहोटीवर चालणारं. २० लाख पिंपांची सगळ्यात मोठी टँकरं, ज्यांना व्हीएलसीसी म्हणतात, ती पूर्ण भरलेल्या अवस्थेत जवाहर द्वीपाला लागूच शकत नाहीत. त्यांना गुजरातेत वाडिनारला किंवा मुंद्र्याला, नाहीतर कोचीला, पारादीपला, किनाऱ्यापासून दूर समुद्रात नांगरलेल्या मोठ्या बोयाला, म्हणजे तरंगत्या खुंटाला, बांधून रिकामं करतात. मुंबईला येतात ती त्याहून लहान. लहान जहाज म्हणजे टनामागे भाडं जास्त, आणि त्यातही भरती साधायची. धक्का मोकळा नाही, माहुलची टाकी भरलेली आहे, पावसाळ्यात समुद्र खवळला आहे, यातली निम्मी कारणं जहाजमालकाची नसतात. लिफ्ट त्याची नाही.

म्हणून एखाद्या तेल कंपनीच्या अहवालात डेमरेजचा मोठा आकडा दिसला की लगेच घोटाळ्याचा वास घेऊ नये. तो बऱ्याचदा धक्क्याच्या, गाळाच्या आणि टाक्यांच्या कमतरतेचा हिशेब असतो. नवी टाकी बांधायची की दरवर्षी डेमरेज भरायचं, हा मुळात इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे.

"सगळ्यात कमी बोलीवाल्याला द्या, झालं!"

इथेच सरकारी पद्धत आणि जहाजांचा बाजार एकमेकांवर आदळतात. रस्त्याच्या किंवा शाळेच्या बाकांच्या निविदेत आठवडे गेले तरी चालतं. टँकरची बोली काही तासांपुरतीच जिवंत असते. संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्या, नाहीतर जहाज दुसऱ्याचं. फाइल चार टेबलांवरून फिरून येईपर्यंत ते जहाज सिंगापूरकडे निघालेलं असतं.

म्हणून सरकारी तेल कंपन्यांत थोड्या माणसांच्या अधिकार दिलेल्या समित्या असतात. त्या बसतात आणि त्याच दिवशी ठरवतात. एप्रिल २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने या कंपन्यांना कच्च्या तेलाच्या आयातीचं धोरण स्वतः आखायची मुभा दिली, तीही याच अडचणीतून. तरी एक भीती राहतेच. दोन वर्षांनी लेखापरीक्षक विचारणार: मंगळवारी तुम्ही ९० ला जहाज घेतलंत, बुधवारी बाजार ८० होता, एक दिवस का थांबला नाहीत? बुधवारी ११० झाला असता तर हा प्रश्न कुणी विचारला नसता. अधिकारी सुरक्षित वाट धरतो. लांब मुदतीचा करार स्वस्तात मिळत असतानाही रोजच्या बाजारभावाला चिकटून राहतो, कारण बाजारभावावर बोट ठेवता येत नाही. मला विचाराल तर या क्षेत्रातला खरा तोटा लाचेपेक्षा या भीतीतून जास्त होत असावा. हे माझं मत, कुणाचा निष्कर्ष नव्हे.

त्यात भारतीय झेंड्याच्या, म्हणजे भारतात नोंदलेल्या, जहाजाला मान द्यायचा नियम आहे. परदेशी जहाजाची बोली सगळ्यात कमी आली, तर भारतीय जहाजमालकाला विचारलं जातं: याच दरात देतोस का? दिलं तर काम त्याचं. आपल्याकडे पहिल्या नकाराचा हक्क म्हणून हा ओळखला जातो. ऐकायला चांगलं, पण भारतीय मालकाचं कर्ज महाग, कर जास्त. परदेशी दराला उतरलं की हाती काही उरत नाही. जुलै २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी १,६२४ कोटी रुपयांचं अनुदान मंजूर केलं ते ही फट भरायला: सरकारी मालाच्या निविदेत भारतीय झेंड्याचं जहाज असेल, तर त्याच्या वयाप्रमाणे दरातला काही टक्के फरक सरकार सोसणार.

मग स्वतःचीच जहाजं का नाहीत?

आता ग्रुपवरच्या प्रश्नाकडे. नवी व्हीएलसीसी १२ कोटी डॉलरच्या पुढे, म्हणजे हजार कोटी रुपयांच्या वर. तरी खरी अडचण किमतीची नाही, किती घ्यायची हे ठरत नाही ही आहे.

ढोबळ हिशेब करू. रोज ५० लाख पिंपं म्हणजे रोज अडीच व्हीएलसीसी रिकाम्या व्हायला हव्यात. आखातातून गुजरातच्या किनाऱ्याला यायला चार-पाच दिवस. जाणं, येणं, भरणं, उतरवणं धरून एक फेरी दोन आठवड्यांची. सगळं तेल आखातातून आलं तर ३५ जहाजं पुरतील. पण तेच तेल अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरून आफ्रिकेला वळसा घालून आलं, तर फेरी तीन महिन्यांची होते आणि लागतात सव्वादोनशे जहाजं. तेल तेवढंच, पिंपात एक थेंबही जास्त नाही. फक्त विकणारा बदलला.

आणि विकणारा बदलतो. २०२२ च्या आधी आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्केही नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत ते एक तृतीयांशाच्या पुढे गेलं. त्यातही मेख अशी, की ते बहुतेक घरपोच बोलीवर आलं. जहाज, विमा, वाटेतला धोका सगळं विकणाऱ्याचं. आपण ३५ जहाजं घेऊन बसलो असतो तर त्यातली बरीच नांगर टाकून उभी राहिली असती.

याचा अर्थ एकही घेऊ नये असा नाही. रोज ऑफिसला जाणारा माणूस पास काढतो आणि लग्नाला जायचं तेव्हा टॅक्सी करतो. नक्की लागणारा भाग स्वतःच्या किंवा लांब मुदतीच्या जहाजांवर, वरचा हलता भाग बाजारातून. आज आपला पासच फार छोटा आहे. शिपिंग कॉर्पोरेशनकडची व्हीएलसीसी बोटांवर मोजण्याइतकी. भावनगरच्या त्याच भाषणात पंतप्रधान म्हणाले, की पन्नास वर्षांपूर्वी आपला ४० टक्के व्यापार भारतीय जहाजांतून व्हायचा, आज ५ टक्के. त्यानंतर चारच दिवसांनी, २४ सप्टेंबरला, जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर झालं. त्यातून टँकर पाण्यात उतरायला वर्षं लागतील. जहाजबांधणीचे धक्के आधी बांधावे लागतात.

जहाज बुडालं, पेटलं, तर?

३ सप्टेंबर २०२० ला श्रीलंकेच्या पूर्वेला ‘न्यू डायमंड’ नावाच्या व्हीएलसीसीच्या इंजिनरूममध्ये आग लागली. जहाज वीस वर्षांचं, झेंडा पनामाचा, मालक लायबेरियात नोंदलेली कंपनी, कप्तान ग्रीक. पोटात कुवेतचं २ लाख ७० हजार टन तेल, इंडियन ऑइलसाठी पारादीपला निघालेलं. एका फिलिपिनो खलाशाचा जीव गेला. भारतीय तटरक्षक दल आणि नौदल श्रीलंकेच्या मदतीला धावलं, आग आटोक्यात आली आणि टाक्यांतलं कच्चं तेल सुदैवाने समुद्रात गेलं नाही.

श्रीलंकेने खर्च मागितला तो मालकाकडे. कोलंबोच्या न्यायालयात उभा राहिला तो कप्तान. भाड्यानं घेणारी कंपनी बाजूला. तेलगळतीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार पहिली जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच असते, चूक कुणाची हे न बघता. ती त्याच्या विम्यातून निघते आणि तिला मर्यादा आहे. नुकसान त्यापुढे गेलं तर एक आंतरराष्ट्रीय निधी पैसे देतो. हा निधी भरतं कोण? समुद्रमार्गे वर्षाला दीड लाख टनांहून जास्त तेल घेणाऱ्या कंपन्या. त्यात आपल्या तेल कंपन्या आल्याच. भाड्यानं घेतलं म्हणून हात पूर्ण झटकता येत नाहीत.

आणि युद्ध पेटलं तर?

होर्मुझची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर. २०२४ मध्ये तिथून रोज सुमारे २ कोटी पिंपं गेली, म्हणजे जगाच्या खपाचा पाचवा हिस्सा. तिथे पहिली गोळी झाडली जाते आणि जहाज अडायच्या आधी विमा महागतो. युद्धजोखमीचा हप्ता जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत, एका फेरीपुरता. १० कोटी डॉलरच्या जहाजावर तो ०.२ टक्क्यावरून ०.५ टक्क्याला गेला, तर फेरीमागे तीन लाख डॉलर वाढले, आणि करारात हा वाढीव हप्ता सहसा भाडेकरूच्या नावावर लिहिलेला असतो. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराणची जुंपली तेव्हा आखातातून निघणाऱ्या व्हीएलसीसीचे दर काही दिवसांत दुपटीवर गेले.

स्वतःचं जहाज असतं तर? हप्ता त्यालाही लागतो. पण परक्या मालकाचा कप्तान ‘मी जात नाही’ म्हणू शकतो, करारच त्याला तो हक्क देतो. आपल्या झेंड्याच्या जहाजाला सरकार जा म्हणू शकतं आणि सोबत नौदलाची युद्धनौका देऊ शकतं. जून २०१९ पासून ‘ऑपरेशन संकल्प’मध्ये नौदल आखातात हेच करत आलं आहे. ब्रिटनने १९८२ मध्ये अर्जेंटिनाशी लढायला फॉकलंड बेटांकडे आठ हजार मैलांवर युद्धनौका पाठवल्या, तेव्हा त्यांना इंधन पुरवायला बीपी या ब्रिटिश तेल कंपनीचे टँकर भाड्यानं घेतले. ते पटकन मिळाले कारण ते ब्रिटिश झेंड्याचे होते.

विम्याचंही तसंच. २०१२ मध्ये युरोपने इराणी तेल नेणाऱ्या जहाजांचा विमा बंद केला. जहाजं होती, तेल होतं, घेणारेही होते. विम्याचा कागद नव्हता म्हणून सगळं अडलं. शेवटी आपल्या सरकारी विमा कंपन्यांनी मर्यादित रकमेचं संरक्षण दिलं आणि काही माल इराणने स्वतःच्या जहाजांतून पोहोचवला.

आता स्वयंपाकाच्या गॅसचं बघा. आपला निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो, बहुतेक आखातातून, म्हणजे होर्मुझमधूनच. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी २०२६ साठी अमेरिकेकडून २२ लाख टन एलपीजी घ्यायचा करार केला, वर्षाच्या आयातीच्या सुमारे दहा टक्के. होर्मुझची धास्ती तेवढी कमी झाली. पण आखातातून आठवड्याच्या आत आला असता त्या गॅसपैकी एवढ्या वाट्याला आता महिन्याहून जास्त प्रवास आहे, आणि तितके जास्त दिवस गॅसचं जहाज भाड्यानं लागणार आहे. शिपिंग कॉर्पोरेशनने २०२५ मध्ये असा गॅस नेणारी दोन मोठी जहाजं घेतली. त्यातल्या एकाचं नाव ‘सह्याद्री’.